लांबलेला मुहूर्त

आमच्या विभागातल्या एकाही पंख्यावर कुणाचं नाव नाही. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की आपल्याकडं माणूस पंखा देतो तो वाऱ्यासाठी कमी आणि पात्यांवर आपलं आडनाव फिरताना बघायला जास्त. मी स्वतः बसस्टँडवरच्या 'मातोश्रींच्या स्मरणार्थ' लिहिलेल्या सिमेंटच्या बाकांवर बसून लहानाची मोठी झाले. त्यामुळे विद्यापीठाच्या यवतमाळातल्या या व्यवस्थापन विभागाची प्रमुख म्हणून रुजू झाले, तेव्हा कोऱ्या भिंती बघून माझा समज झाला की या विभागाला आजवर कुणी दमडीही दिलेली नाही. पोटात राहील तर ती मी कसली! माजी विद्यार्थ्यांच्या सल्लागार मंडळाच्या पहिल्याच बैठकीत मी तसं बोलूनही दाखवलं.

मंडळाचे अध्यक्ष वणीचे. त्यांचा कोळशाच्या ट्रकांचा धंदा. पांढराच शर्ट घालायचा हा त्यांचा हट्ट, आणि वणीचा रस्ता तो हट्ट चालू देत नाही, त्यामुळे कॉलर कायम करडी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्याडम, तुमी ज्या खुर्चीवर बसून राह्यल्या, थे आमच्यातल्याच कोणीतरी देल्ली. टेबल बी. वरचा पंखा बी. आता चहा येईन, थो बी."

"कुणी दिली?" मी विचारलं.

"थे नाही सांगत आमी."

मग मला मंडळाचे नियम कळले. नियम दोनच. पहिला, दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव नाही. दुसरा जरा विचित्र. ज्याला काही द्यायचं असेल त्यानं आधी विद्यार्थ्यांसमोर उभं राहून आपला एक बुडालेला व्यवहार सांगायचा. कसा वर आलो, किती कष्ट केले, सूत्रं काय, हे सगळं घरी ठेवून यायचं. आधी बुडीत, मग देणगी.

मला तेव्हा तो पोरखेळ वाटला. पण पहिला तास ऐकला आणि माझं मत बदललं. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून शिकायला आलेल्या आणि आता आर्णीला डाळमिल चालवणाऱ्या एक बाई मंडळावर आहेत. भाव वाढेल, अजून वाढेल म्हणत त्यांनी तूर भरून ठेवली आणि शेवटी तिला सोंडे किडे लागले, हे त्या अशा रंगवून सांगत होत्या की माझ्या तासाला मोबाईलमध्ये खुपसलेली सगळी तोंडं वर आली. अध्यक्षांनी जावयाच्या भरवशावर ट्रक घेतल्याची गोष्ट सांगितली. पुण्याच्या कंपनीतला एक जण बैठकीला मोबाईलच्या पडद्यावर असतो. आम्ही त्याला पाण्याच्या जगला टेकवून ठेवतो. त्यानंही तिथून आपलं बुडालेलं सांगितलं, आणि मध्येच तो जगवरून घसरला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ही माणसं मला फार आवडतात, हे सरळच सांगते. ती माझ्याशी भांडतात. "म्याडम, पोराले जाहिरातीचे प्रकार पाठ येतात, पण काट्यापाशी उभं राहून शेतकऱ्याशी बोलता येत नाही," असं तोंडावर सांगतात, आणि नुसतं सांगून थांबत नाहीत. हंगामात आमच्या पोरांना आपापल्या मिलवर, गोदामात, खाणीच्या रस्त्यावर बोलावून घेतात आणि जेवू घालून राबवून घेतात. इतर ठिकाणी सल्लागार मंडळ म्हणजे वर्षातून एकदा फोटो. आमच्याकडं फोटो काढायचाच राहून जातो.

हे दोन्ही नियम ज्यांनी घातले, ते आर्णीचे भाऊ. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं मोठं दुकान, अंगानं किरकोळ, हसताना डोळे पार मिटून जायचे. मी येण्याच्या आधीची गोष्ट. माजी विद्यार्थ्यांच्या पहिल्या मेळाव्यात एकेक जण उठून आपली थोरवी गात होता आणि पोरं जांभया देत होती. भाऊंची पाळी आली. ते उठले आणि म्हणाले, "मी तुमाले माह्यी जिनिंग कशी बुडाली थे सांगतो." आणि त्यांनी सांगितलेली गोष्ट पुढं दर वर्षी सांगितली. मीही त्यांच्या तोंडून ती बरेचदा ऐकली आहे.

परीक्षा झाली आणि भाऊंनी आर्णीजवळ एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, भाड्यानं घेतली. भागीदार म्हणजे वर्गमित्र, आताचे आमचे वणीचे अध्यक्ष. दसऱ्यानंतर वजनकाट्याची पूजा झाली. कापसाच्या पहिल्या गाडीचा मुहूर्त करायचा ही आपल्याकडची रीत. बैलांना कुंकू, मालकाला शेला-नारळ आणि बाजारापेक्षा चढा भाव. तो पहिल्या गाडीचा मान. दुसऱ्या गाडीपासून बाजारभाव सुरू. "अन् मी दुसऱ्या गाडीलेही थोच भाव देल्ला," भाऊ सांगायचे. "मंग तिसरा म्हणे, मी काय सवतीचा हाव काय? त्याले देल्ला. चौथा मामाच्या गावचा होता. पाचवा मामाच होता. शेले संपले, मंग टॉवेल आणले. दिवाळी आली, बावा, तरी आमचा मुहूर्त चालूच!"

पोरं पोट धरून हसायची. भाऊ त्यांच्यासोबत हसायचे. मग ते विचारायचे, "सांगा, चुकलं कोठी?" आणि दर वर्षी कुणीतरी हात वर करून उत्तर द्यायचं, की दुसऱ्या गाडीला नाही म्हणायला हवं होतं. "एकदम बरोबर," भाऊ म्हणायचे. "पण थ्या दिवशी जमलं नाही."

पाटी लावायची नाही हा नियमही त्यांचाच. "पाटीवर नाव आलं का माणूस शायना दिसते," ते म्हणत. "मंग त्याले कोणी इचारत नाही, तू बुडाला कसा."

भाऊ गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आम्ही त्यांची गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहून काढली आणि केस स्टडी म्हणून अभ्यासाला लावली. नाव दिलं 'लांबलेला मुहूर्त'. मला वाटलं, याहून चांगली आठवण कोणती असणार?

त्यांच्या पत्नीला तसं वाटलं नाही. मार्चमधल्या एका दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. दुकान आता त्याच बघतात. स्वतः गाडी चालवत आल्या होत्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि घडलं ते सांगितलं. आर्णीला एका लग्नात आमचा एक जुना विद्यार्थी त्यांच्या पाया पडला आणि सोबतच्या मित्राला म्हणाला, "या आपल्या मुहूर्तवाल्या काकांच्या काकू." आजूबाजूचे सगळे हसले.

"मायेनंच हासले, मले समजते थे," वहिनी म्हणाल्या. "पण हासले. रिकाम्या हातानं दुकान उभं केलं त्यायनं. कोणाचं ट्रॅक्टर पेरणीत अडलं तर दिवाळीपर्यंत थांबून राहाचे. अन् लोकायच्या तोंडी काय राह्यलं? मुहूर्त!"

मग त्यांनी आणलेला प्रस्ताव ठेवला. विभागाला एक पक्का वर्ग त्या बांधून देणार. अट एकच. दारावर दगडात कोरलेलं त्यांच्या नवऱ्याचं नाव.

आता आमच्या वर्गाची स्थिती सांगते. वर पत्रे. मे महिन्यात खाली बसलं की डोक्याचं भरीत होतं. पत्र्यांवर वानरं धावतात तेव्हा मी शिकवणं थांबवते, कारण त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. एका बाजूला भिंतीऐवजी कपाटं लावलेली, त्यामुळे पलीकडचा अकाउंटन्सीचा तास आम्हाला फुकट ऐकू येतो. पक्का वर्ग म्हटल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी वहिनींना दारापर्यंत सोडायला गेले आणि परत येईपर्यंत मनातल्या मनात पाटीचा मजकूरही जुळवून टाकला.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "नाही."

मी चिडले. चिडले म्हणजे चांगलीच चिडले. "तत्त्वं सांगायला काय जातं?" मी म्हटलं. "मे महिन्यात एकदा पत्र्याखाली उभं राहून शिकवून दाखवा. आणि ज्यांनी आयुष्यभर या विभागासाठी जीव टाकला, त्यांचं नाव एका दगडावर आलं तर आभाळ कोसळणार आहे का?"

"नियम त्यायचाच होता, म्याडम," डाळमिलवाल्या बाई म्हणाल्या. "त्यायच्याचसाठी मोडाचा म्हणता?"

जगला टेकलेला पुणेकरही बाईंच्याच बाजूनं बोलला. अध्यक्षांचे तर भाऊ जिवाभावाचे दोस्त. बुडाले तेही एकत्रच. शेवटी ते म्हणाले, "वहिनीले म्हणा, नियमानं या. आधी बुडीत सांगा. मंग पाटीचं पाहू."

"विधवा बाईला हे सांगायचं?" मी म्हटलं. "आणि कोण सांगणार?"

"तुमी. तुमी बाईमाणूस हा."

अवघड निरोप आला की मी बाईमाणूस, एरवी म्याडम! पण दुसरं कुणी जाणार नव्हतं, तेव्हा मीच आर्णीला गेले. वहिनी गल्ल्यावर होत्या. एका शेतकऱ्याला ट्रॅक्टरचा कुठलासा भाग बदलून हवा होता आणि त्या त्याला, हा नको, जुनाच दुरुस्त कर, म्हणून समजावत होत्या. तो गेल्यावर मी एका दमात निरोप सांगितला, कारण थांबले असते तर सांगूच शकले नसते. त्या रागावतील, मला चहाही विचारणार नाहीत, अशी तयारी ठेवली होती.

त्या रागावल्या नाहीत. काउंटरवरचं तेल फडक्यानं पुसत राहिल्या.

"त्यायचं बुडालेलं सांगाचं का माह्यं?" त्यांनी विचारलं.

"ज्याचं त्यानं सांगायचं असतं," मी म्हटलं.

फडकं थांबलं. "मंग येतो मी," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी मुद्दाम तीच केस ठेवली नव्हती. वेळापत्रकात तीच होती, आणि बदलली तर वहिनींना लपवाछपवी वाटेल म्हणून तशीच राहू दिली. त्या मागच्या बाकावर बसल्या. पोरांना त्या कोण ते सांगितलं नव्हतं. अध्यक्ष दाराजवळच्या खुर्चीत होते. पोरांनी केस वाचून दाखवली, मुहूर्त दिवाळीला पोचला तिथं हसली. मी तिरप्या नजरेनं मागं बघत होते आणि मनात म्हणत होते, हसू नका रे, आज तरी हसू नका. मग वणीकडचीच एक हुशार मुलगी फळ्यापाशी आली. तिनं भावाचं गणित मांडलं आणि शेवटी ठामपणे सांगितलं, "चूक एकच. दुसऱ्या गाडीला नाही म्हणायला हवं होतं. तिथं ते नाही म्हणाले असते तर पुढचं काहीच झालं नसतं."

वहिनी मागच्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या.

"दुसरी गाडी आमची होती," त्या म्हणाल्या.

कपाटांपलीकडचा अकाउंटन्सीचा तास तेवढा ऐकू येत होता. फळ्यापाशीची मुलगी खडू हातात धरून तशीच उभी.

"बाबाची बैलबंडी होती," वहिनी सांगू लागल्या. "बाबाले काट्यावरचे आकडे नीट दिसत नव्हते म्हणून मी संग आलती. बी.कॉम.ले होती तवा. धुळीपायी तोंडाले दुपट्टा बांधलेला. आमच्या पुढच्या गाडीले शेला भेटला, भाव भेटला, अन् आमाले म्हणे बाजारभाव. मले आला राग. मी बंडीवरूनच म्हणलं, पहिल्या गाडीचा कापूस कापूस, अन् आमचा काय राख हाये का? एकाच पहाटेले निघालो दोघं. यायचे बैल मोठे म्हणून यायचा मुहूर्त?"

पोरं हसली. आता त्याही हसल्या.

"थे हासाले लागले. असे डोळे मिटून हासाचे थे. म्हणे, द्या रे, यायलेही द्या मुहूर्ताचा भाव. एवढंच बोलले. मंग चार दिवसानं जिनिंगच्या हिशोबाच्या नावानं आमच्या घरी आले, अन् उन्हाळ्यात लग्न झालं. तवरिक जिनिंग बुडाली होती."

बाकाची कड धरून त्या उभ्या होत्या.

"लग्नानंतर मी म्हणलं, माह्यापायी झालं हे, मी सांगतो साऱ्यायले. तर मले म्हणे, तोंडातून काढू नको. सोयरीक जुळली अन् धंदा बुडाला, लोकं तुह्या पायगुणावर घालतील. जलमभर ऐका लागन तुले. त्यापेक्षा माह्यावर हासू दे. मले काही होत नाही हासल्यानं. अन् मंग थे ज्याले त्याले सांगत सुटले, मले नाही म्हणता येत नाही, मी असाच येडा. इथं येऊन बी थेच सांगतलं. लोकं हासले, अन् मी घरी गप बसली. माह्यं बुडीत हेच हाये. थे होते तवरिक मी बोलली नाही."

पाटी त्यांना कशासाठी हवी होती, ते मला तेव्हा समजलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही.

अध्यक्ष खुर्चीतून उठले होते. "मी काट्यापाशी होतो, वहिनी," ते म्हणाले. "थ्या दुसऱ्या गाडीपायी मी त्याले किती शिव्या देल्ल्या. माणूस नाही, मेणाचा बाहुला हाये म्हणलं. थे दुपट्टेवाली पोरगी तुमीच, हे मले बी नाही सांगतलं साल्यानं. मी हासणाऱ्यातला नव्हतो ना, मले तरी सांगाचं."

"तुमाले सांगतलं असतं तर तुमी माह्या लग्नात तोंड पाडून बसले असते, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "थे म्हणे, त्याचे बी पैसे बुडाले हाये, त्याले निदान जेवू दे पोटभर."

अध्यक्षांनी रुमाल काढून तोंड पुसलं. रुमालावर कोळशाची काळी रेघ उमटली. मग ते माझ्याकडं वळले. "म्याडम, पाटी करा. नियम राहू द्या बाजूले."

मला आनंद व्हायला हवा होता. भांडून मागितलेलं मिळालं होतं. पण वहिनी मान हलवत होत्या.

"नको," त्या म्हणाल्या. "पाटीवर त्यायचं नाव येईन, भाऊजी. पण दुसरी गाडी कोठी लिहाल?"

फळ्यापाशीच्या मुलीनं हळूच विचारलं, "काकू, मग मी हे उत्तर पुसू का?"

"कायले पुसते, माय?" वहिनी म्हणाल्या. "बरोबरच हाये थे."

वर्ग झाला. चांगला, पक्का, चारी बाजूंनी खऱ्या भिंतींचा. अकाउंटन्सी ऐकू येत नाही आणि वानरं आली तरी नुसती सावल्यांसारखी खिडकीवरून जातात. दारावर काही लिहिलेलं नाही. नवीन आलेला एखादा प्राध्यापक विचारतो, कुणी बांधून दिला, तेव्हा मी अध्यक्षांसारखंच म्हणते, ते आम्ही सांगत नाही.

वहिनी आता मंडळावर आहेत. बैठकीत माझ्याशी सगळ्यांत जास्त त्याच भांडतात. 'लांबलेला मुहूर्त' अजून अभ्यासाला आहे. त्यांनी केसमध्ये एक अक्षरही घालू दिलं नाही. "त्यायनं सांगतलं तसंच राहू द्या," म्हणाल्या. पण ज्या दिवशी ती केस असते त्या दिवशी त्या दुकान मुलीवर टाकून येतात आणि मागच्या बाकावर बसतात. पोरं वाचतात, दिवाळीपाशी हसतात, गणित मांडतात. मग कुणीतरी हात वर करतं आणि म्हणतं, दुसऱ्या गाडीला नाही म्हणायला हवं होतं.

"एकदम बरोबर," मी म्हणते आणि उत्तर फळ्यावर लिहून घेते. मग खडू ठेवते आणि त्यांच्या उठण्याची वाट बघते.